खणणारे आणि खणविणारे : पनामाच्या कालव्याचे तीन इतिहास

मराठी भाषेंत धातूला एक 'वि' जोडला कीं कर्तृत्वाची सारी वांटणी बदलून जाते. एक मनुष्य विहीर खणतो आणि दुसरा मनुष्य विहीर खणवितो, या दोन वाक्यांतील भेद आमच्याकडील शाळकरी मुलासहि समजावून द्यावा लागत नाहीं. पहिल्याच्या हातांत कुदळ असते. दुसऱ्याच्या हातांत पैशाची थैली, नकाशा किंवा हुकूम असतो. अहल्याबाई होळकरांनीं घाट बांधविले असें आम्ही म्हणतों, आणि तसें म्हटल्यानें त्या साध्वीच्या थोरवीस तिळमात्र उणेपणा येत नाहीं. मात्र त्या घाटाचे दगड घडणारा पाथरवट वाक्यांत कोठें तरी उभा आहे, एवढी जाणीव भाषा आपोआप राखते. इंग्रजींतहि हा अर्थ सांगतां येतोच; पण त्याकरितां वाक्य लांबवावें लागत असल्यामुळें इतिहासलेखक बहुधा तो त्रास घेत नाहींत. लेसेप्सनें सुवेझचा कालवा खणला, रूझवेल्टनें पनामाचा कालवा बांधला, अशीं वाक्यें त्या भाषेंत सर्रास आढळतात, आणि तेथून तीं नकळत आमच्याहि लेखनांत उतरतात.

व्याकरणाची ही गोष्ट येथें काढण्याचें कारण असें कीं, पनामाच्या कालव्याच्या इतिहासावरील तीन ग्रंथ आम्हीं एकापाठोपाठ वाचले. पहिला, अमेरिकन इतिहासकार डेव्हिड मॅकलॉ यांचा 'द पाथ बिट्वीन द सीज', १९७७ सालीं प्रसिद्ध झालेला. दुसरा, जूली ग्रीन यांचा 'द कॅनॉल बिल्डर्स', २००९ सालचा. आणि तिसरा, पनामाच्याच विदुषी मारिक्सा लासो यांचा 'इरेज्ड', २०१९ सालचा. तिन्ही ग्रंथांचें स्थळ एक, विषय एक, बहुतेक काळहि एकच. परंतु कालवा कोणीं केला आणि कोणाच्या भूमीवर केला, या प्रश्नांचीं उत्तरें तिघांचीं तीन तऱ्हांचीं आहेत. आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. पहिला ग्रंथ सर्वांत वाचनीय आहे, दुसरा सर्वांत न्यायी आहे, आणि तिसरा सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. परंतु जो इतिहास लिहिला जावयास हवा होता, तो या तिहींची बेरीज करूनहि पुरा होत नाहीं.

मराठी वाचकाचा संबंध पनामापेक्षां सुवेझशीं अधिक निकटचा. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुवेझचा कालवा खुला झाला, आणि आफ्रिकेला वळसा घालून जाण्याची गरज संपल्यामुळें मुंबई बंदर युरोपला हजारों मैल जवळ आलें. विलायतेस जाणाऱ्या आमच्याकडील प्रवाशांस एडन, सुवेझ, पोर्ट सैद हीं नांवें तेव्हांपासून वाटेवरच्या मुक्कामांसारखीं पाठ झालीं. त्या कालव्याचा कर्ता म्हणून ज्याचें नांव जगभर दुमदुमलें, तो फेर्दिनांद द लेसेप्स हाच पनामाच्या कथेंतील पहिला नायक होय. तो स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हता, मुत्सद्दी होता. सुवेझची भूमि सपाट व कोरडी. तेथें पाणी अडविण्याचीं वा चढविण्याचीं दारें बसवावीं लागलीं नाहींत. आणि आरंभींचीं कित्येक वर्षें खणावयास मिसरच्या शेतकऱ्यांची वेठ फुकटासारखी मिळाली. या तिन्ही अनुकूल गोष्टींचें श्रेय लेसेप्सनें आपल्या इच्छाशक्तीकडे वळतें केलें, आणि जगानेंहि तें केलें.

मॅकलॉ यांच्या ग्रंथाचा पहिला खंड म्हणजे या गैरसमजाची शोकांतिका होय, आणि ती त्यांनीं फार उत्कृष्ट रीतीनें लिहिली आहे. १८७९ सालच्या मे महिन्यांत पॅरिस येथें जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तींत चौऱ्याहत्तराव्या वर्षांत असलेल्या लेसेप्सनें पनामाच्या संयोगीभूमींतून समुद्रसपाटीचाच कालवा न्यावयाचा, असा आग्रह धरला व तो मान्य करून घेतला. गोदँ द लेपिने नांवाच्या एका फ्रेंच स्थापत्यशास्त्रज्ञानें त्याच परिषदेंत निराळी योजना मांडली होती: नद्या अडवून डोंगराळ भागांत कृत्रिम तलाव करावे, आणि जहाजें पाण्याच्या दारांच्या पायऱ्यांनीं वर चढवून पलीकडे उतरवावीं. पुढें पाऊण पिढी लोटल्यावर जो कालवा प्रत्यक्ष झाला तो बव्हंशीं याच कल्पनेवर झाला. परंतु त्या दिवशीं त्या मनुष्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. सुवेझच्या वाळवंटांत जो नियम खरा ठरला तो चाग्रेस नदीच्या महापुरांपुढें व कुलेब्राच्या ढासळत्या डोंगरापुढेंहि खरा ठरेल, अशा विश्वासानें १८८१ सालीं कामास आरंभ झाला. आठ वर्षांनीं, १८८९ सालीं, कंपनी बुडाली. सुमारें आठ लक्ष फ्रेंच भागीदारांची पुंजी तिजबरोबर गेली. लांचलुचपतीचें प्रकरण बाहेर येऊन १८९३ सालीं लेसेप्स व त्याचा पुत्र यांस शिक्षा सांगितली गेली. यशानें मनुष्य कसा आंधळा होतो, याचें याहून बोलकें उदाहरण शोधावयास फार दूर जावें लागेल. आणि मॅकलॉ यांनीं या वृद्धाचा उपहास न करतां त्याचें चित्र रेखाटलें आहे, ही त्यांच्या लेखणीची मोठी कमाई होय.

या खंडांतील एक प्रसंग मराठी वाचकाच्या मनांत विशेष घर करून राहील. आमच्या स्वयंपाकघरांत दुधातुपाच्या कपाटाच्या पायांखालीं मुंग्या चढूं नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवण्याची चाल आहे. अँकॉन येथील फ्रेंच रुग्णालयांतहि रोग्यांच्या खाटांखालीं याच हेतूनें अशींच पाण्याचीं भांडीं ठेवलेलीं असत. त्या स्वच्छ, स्थिर पाण्यांत डांस वाढत, आणि हिंवतापासाठीं किंवा एखाद्या जखमेसाठीं आलेला रोगी पीतज्वरानें मरे. ज्या १८८१ सालीं फ्रेंचांनीं काम सुरू केलें, त्याच सालीं हॅव्हाना येथें कार्लोस फिनले या वैद्यानें पीतज्वर डांसापासून पसरतो, असें मत मांडलें होतें. तें कोणीं ऐकलें नाहीं. हिंवतापाच्या बाबतींतला निर्णायक शोध तर आमच्याच देशांत, सिकंदराबाद येथें, ऑगस्ट १८९७ मध्यें रोनाल्ड रॉस यानें लावला. १९०० सालीं वॉल्टर रीड व त्याचे सहकारी यांनीं फिनलेचें मत सिद्ध केलें. तोंवर फ्रेंच काळांतील माणसें मरून चुकलीं होतीं. किती, याची खरी गणती नाहीं. रुग्णालयांतील नोंदींवर बाहेरच्या मृत्यूंचा अंदाज चढवून गॉर्गस या अमेरिकन वैद्यानें हा आंकडा सुमारें २२,००० धरला. या माणसांपैकीं पुष्कळसे जमेका बेटांतून आलेले मजूर होते, आणि कंत्राटदारास रोग्यामागें रुग्णालयाचा खर्च भरावा लागत असल्यामुळें त्यांपैकीं अनेकांस खाटेपर्यंत जाण्याचेंहि भाग्य लाभलें नाहीं.

पुढील दोन खंडांत अमेरिकेचा प्रवेश होतो. कोलंबियाच्या सिनेटनें १९०३ सालच्या ऑगस्टमध्यें तह फेटाळला; ३ नोव्हेंबर रोजीं पनामा स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली, तेव्हां अमेरिकेची युद्धनौका जवळच उभी होती; आणि १८ नोव्हेंबर रोजीं पनामाच्या वतीनें ज्या गृहस्थानें तहावर सही केली, तो ब्युनो-व्हारिया फ्रेंच होता, पनामी नव्हता. दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेच्या ताब्यांत गेला. ही सारी कारस्थानें मॅकलॉ यांनीं आपल्या देशाची भीड न धरतां सांगितलीं आहेत. अमेरिका व पनामा यांच्यामधील १९७७ सालच्या नव्या तहांवर तिकडील सिनेटमध्यें जो दीर्घ वाद झाला, त्यांत या ग्रंथाचा आधार वारंवार घेतला गेला, हें त्याच्या प्रामाणिकपणाचें प्रमाणपत्रच समजावें. त्या तहांनुसार ३१ डिसेंबर १९९९ रोजीं कालवा पनामाच्या स्वाधीन झाला.

स्थापत्याचा भागहि मॅकलॉ यांनीं इतका विशद केला आहे कीं, ज्यास यंत्रांचें काडीमात्र ज्ञान नाहीं त्यासहि तो रस लावतो. जॉन स्टीव्हन्स हा रेल्वेचा मनुष्य. त्यानें १९०५ सालीं येऊन प्रथम खणणें जवळजवळ थांबविलें, घरें, गटारें व रूळ यांची व्यवस्था लावली, आणि हा प्रश्न माती खणण्याचा नसून माती वाहून नेण्याचा आहे, हें ओळखलें. त्याच्याच आग्रहानें १९०६ सालीं समुद्रसपाटीचा नाद कायमचा सुटला. चाग्रेस नदीस गातुन येथें धरण घालून समुद्रापासून सुमारें ८५ फूट उंचीवर तलाव करावयाचा व प्रत्येकी ११० फूट रुंद व १,००० फूट लांब अशा पाण्याच्या कोठड्यांतून जहाजें चढवावयाचीं, असें ठरलें. ज्या नदीनें लेसेप्सला बुडविलें, तिलाच कालव्याची चाकर केली. तरी कुलेब्राचा सुमारें नऊ मैलांचा डोंगर राहिलाच. तेथें जितकें खोल खणावें तितक्या कडा घसरत. रूळ, यंत्रें व महिनोन्महिन्यांचें काम मातीखालीं जाई. कधीं कधीं तर खणलेला तळच आपोआप वर उचलला जाई. १९०७ पासून जॉर्ज गोथल्स या लष्करी अधिकाऱ्यानें सात वर्षें हें काम नेटानें चालविलें, आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजीं 'अँकॉन' नांवाचें जहाज एका महासागरांतून दुसऱ्यांत गेलें. युरोपांत महायुद्ध पेटल्यामुळें त्या दिवसाकडे जगाचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

इतकी स्तुति केल्यावर दोष दाखवितांना आम्हांस संकोच होत नाहीं, कारण हा दोष ग्रंथकाराच्या अंतःकरणाचा नसून त्याच्या रचनेचा आहे. मॅकलॉ मजुरांस विसरले नाहींत. १९०४ ते १९१४ या अमेरिकन काळांतील अधिकृत मृत्युसंख्या ५,६०९. त्यांपैकीं सुमारें ४,५०० काळे मजूर, आणि गोरे अमेरिकन केवळ साडेतीनशेंच्या आसपास. हें तेहि सांगतात. आरोग्यखात्याच्या ज्या विजयाचे पोवाडे गाइले गेले, तो विजय गोऱ्या वस्तीच्या जाळी लावलेल्या घरांत पुरा होता व काळ्या मजुरांच्या दाटीच्या चाळींत अर्धामुर्धा होता, हेंहि ते लपवीत नाहींत. पण हें सारें येतें तें एका प्रकरणांत, स्थितिवर्णन म्हणून. तें प्रकरण मिटलें कीं कथा पुन्हा लेसेप्स, रूझवेल्ट, स्टीव्हन्स, गोथल्स यांच्या खांद्यांवरून पुढें चालूं लागते. नायक निर्णय घेतात, चुकतात, शिकतात, बदलतात. मजूर मात्र येतात आणि मरतात. ज्याच्याजवळ इच्छा नाहीं, निवड नाहीं, चूक करण्याचीहि मोकळीक नाहीं, तो कथेंत पात्र होऊं शकत नाहीं. तो देखावा होतो. १९०६ सालच्या नोव्हेंबरांत अध्यक्ष रूझवेल्ट पनामास गेला असतां वाफेच्या एका अजस्र खोदयंत्राच्या आसनावर जाऊन बसला, व तें छायाचित्र जगभर पसरलें. कालव्याच्या रूढ इतिहासाचें तें एक चित्रच आहे असें आम्हांस वाटतें: खणविणारा खणणाऱ्याच्या जागेवर बसला आहे, आणि पाहणारा त्या जागेवर एरव्हीं कोण बसतो हें विचारीत नाहीं.

हा प्रश्न विचारण्याचें काम जूली ग्रीन यांनीं केलें आहे. बार्बाडोस या चिमुकल्या बेटांतून सरकारी भरतीनें सुमारें वीस हजार पुरुष पनामास नेले गेले, आणि आपल्या खर्चानें गेलेले निराळेच. स्पेनमधूनहि सुमारें आठ हजार मजूर आणले गेले. या सर्वांस बांधून ठेवणारी जी व्यवस्था होती, तिचें नांव ऐकण्यास मोठें निरुपद्रवी होतें: सोन्याचा पट आणि रुप्याचा पट. अमेरिकन नोकरांस पगार सोन्याच्या नाण्यांत, इतरांस रुप्याच्या. मूळचा हा भेद कुशल व अकुशल कामाचा, चलनाच्या सोयीचा. पण हळूहळू तो निखळ वर्णभेद झाला. टपालकचेरीची खिडकी वेगळी, दुकान वेगळें, रुग्णालयांतील दालन वेगळें, शाळा वेगळी, आणि प्रत्येक ठिकाणीं गोरा-काळा असे शब्द न लिहितां 'सोनें' व 'रुपें' असे शब्द लिहिलेले. आम्ही, ज्यांच्या गांवांत पाणवठे जातवार वेगळे होते, त्यांस या युक्तीचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. अन्याय बहुधा आपलें नांव सोज्वळच ठेवतो. रुप्याच्या पटावरील सामान्य मजुरास ताशीं दहा सेंट मिळत व दिवस दहा तासांचा असे. त्याची ओळख म्हणजे पितळेचा एक क्रमांकाचा बिल्ला. पगाराच्या दिवशीं बिल्ला दाखवावयाचा आणि पैसे घ्यावयाचे.

श्रीमती ग्रीन यांचें सामर्थ्य असें कीं, या व्यवस्थेखालीं वावरणारी माणसें त्यांच्या ग्रंथांत नुसतीं सोशीत नाहींत. स्पॅनिश मजूर काम बंद पाडतात. बार्बाडोसचा मजूर न पटलेला मुकादम सोडून दुसरीकडे कामास लागतो, अगर महिन्यांतील कांहीं दिवसच काम करून उरलेले आपल्या मर्जीनें घालवितो. कपडे धुणाऱ्या व खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया कोर्टांत फिर्याद नेतात. अधिकाऱ्यांच्या अहवालांत ज्यास आळस म्हटलें आहे तो पुष्कळदां साधा हिशेब असतो, हें त्या नीट उलगडून दाखवितात. कालवा हें यंत्रांचें यश जितकें, तितकेंच माणसें वांटून ठेवण्याच्या कसबाचेंहि यश होतें, हा त्यांचा सिद्धान्त आम्हांस सर्वथैव मान्य आहे.

परंतु न्यायी ग्रंथ म्हणजे परिपूर्ण ग्रंथ नव्हे. यांत डोंगर नाहीं. मजूर काय सोशीत होता हें कळतें. पण तो रोज ज्या कुलेब्राशीं झुंजत होता, तो डोंगर कां घसरत होता, सुरुंग कसे ठासले जात, मातीच्या गाड्या कशा रित्या होत, हें कळत नाहीं. १२ डिसेंबर १९०८ रोजीं बास ओबिस्पो येथें सुरुंगाची दारू अवेळीं उडून २३ माणसें ठार झालीं. अशा प्रसंगाचा अर्थ कामाची रीत समजल्यावांचून पुरा उमगत नाहीं. मजुराचें कौशल्य हेंहि त्याचें कर्तृत्व होय. त्यास केवळ पीडित म्हणून सांगणें, अथवा केवळ बंडखोर म्हणून सांगणें, या दोन्ही रीतींत त्याच्या हातांतील काम निसटून जातें. मॅकलॉ यांच्याजवळ काम आहे पण कामकरी नाहीं. ग्रीन यांच्याजवळ कामकरी आहे पण काम नाहीं. शिवाय त्यांच्या साधनांतील मोठा भाग पोलीस, न्यायाधीश व अधिकारी यांच्या कागदांचा असल्यामुळें, मजूर अनेकदां आरोपी किंवा तक्रारदार म्हणूनच आपल्यासमोर उभा राहतो.

मारिक्सा लासो यांचा ग्रंथ आकारानें लहान, पण त्याचा प्रश्न या दोहोंच्याहि आधींचा आहे: जेथें कालवा झाला, तेथें पूर्वीं काय होतें? रूढ समज असा कीं, तेथें निबिड अरण्य, दलदल व रोगराई होती, आणि जीं चारदोन गांवें होतीं तीं गातुनच्या तलावाखालीं गेलीं. हा समज श्रीमती लासो यांनीं मुळापासून उखडला आहे. ही भूमि सोळाव्या शतकापासून दोन महासागरांमधील रहदारीची वाट होती. १८५५ सालींच तेथें एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत आगगाडी धांवूं लागली होती. गातुन, गोर्गोना, एम्पेरादोर अशीं गजबजलेलीं गांवें होतीं. त्यांत दुकानें होतीं, शाळा होत्या, निवडणुका होत, आणि त्या राजकारणांत काळे नागरिकहि हिरिरीनें भाग घेत. १९१२ सालीं अमेरिकन सरकारनें कालव्याचा सारा पट्टा निर्मनुष्य करण्याचा हुकूम काढला, आणि सुमारें ४०,००० माणसें उठविलीं गेलीं. त्यांतील सर्वच गांवें कांहीं पाण्याखालीं जावयाचीं नव्हतीं. पुष्कळशीं केवळ नको होतीं म्हणून गेलीं. पुढें रान माजलें, आणि तें रान पाहून लोक म्हणूं लागले कीं येथें पहिल्यापासून रानच होतें.

या ग्रंथावर आमचा आक्षेप एवढाच कीं, उठून गेलेल्या गांवांच्या प्रजासत्ताक जीवनास श्रीमती लासो यांनीं किंचित् अधिक गोड रंग दिला आहे. जें नाहींसें झालें तें सगळेंच उजळ दिसतें, या मोहांतून चांगले इतिहासकारहि सुटत नाहींत. तथापि मूळ मुद्दा अबाधित राहतो. मॅकलॉ व ग्रीन या दोघांच्याहि ग्रंथांत कालवा एका कोऱ्या कागदावर लिहिला जातो. तो कागद कोरा नव्हता, खोडून कोरा केलेला होता, हें लासो यांनीं सिद्ध केलें.

मग या तिन्ही ग्रंथांत कोणाचा आवाज उरला? ज्यानें खणलें त्याचा स्वतःचा. हा आवाज अगदींच नष्ट झाला आहे असें नाहीं. १९६३ सालीं पनामांतील एका इतिहासमंडळानें कालव्याच्या बांधणीच्या काळांतील खऱ्या आठवणी लिहून पाठविण्याची स्पर्धा जाहीर केली. तोंवर सत्तरी-ऐंशीस पोहोंचलेल्या वेस्ट इंडियन मजुरांनीं थरथरत्या हातांनीं आपल्या आठवणी लिहून धाडल्या. पाऊस, हिंवताप, सुरुंग, गाडीखालीं गेलेले पाय, आणि त्याबरोबरच आपण एक अचाट काम केलें हा अभिमान, असें सारें त्यांत आहे. हीं पत्रें वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत पेटी क्रमांक २५ मध्यें ठेवलीं गेलीं, आणि कालव्याचे बहुतेक इतिहासकार तिच्याकडे उदाहरणापुरते वळून परत गेले. श्रीमती ग्रीन यांनींच पुढें २०२५ सालीं 'बॉक्स २५' या नांवानें त्या पेटीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ही आपल्याच पहिल्या ग्रंथाची उणीव त्यांनीं ओळखल्याची खूण होय, असें आम्ही समजतों. त्यांच्या या सरळपणाचें अभिनंदन केलें पाहिजे.

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीं कुदळ कोणीं धरली याची एवढी चिकित्सा कशाला? कालवा झाला, जहाजें जाऊं लागलीं, झालें. त्यास उत्तर २० जानेवारी १९२५ रोजीं नव्हे, तर त्यानंतर बरोबर एका शतकानें मिळालें. २० जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनीं अधिकारग्रहणाच्या भाषणांत कालवा परत घेण्याची भाषा केली, आणि त्याच्या बांधणींत अमेरिकेनें ३८,००० प्राण गमावले, असें सांगितलें. वर दिलेले आंकडे वाचकांनीं आठवावे. फ्रेंच काळांतील मृतांचा अंदाज धरला तरी ही संख्या भरत नाहीं; आणि जे मेले त्यांतील बहुसंख्य बार्बाडोसचे, जमेकाचे, मार्टिनिकचे होते. जिवंतपणीं ज्यांस अमेरिकन टपालाच्या खिडकीशींहि उभें राहूं दिलें नाहीं, त्यांस मेल्यानंतर अमेरिकन हुतात्मे म्हणून हिशेबांत धरलें गेलें. कालव्यावर दोन वर्षें सलग नोकरी केलेल्यांस रूझवेल्टच्या नांवाचें पदक देत. तें पदक फ्रेंचांच्या मोडक्या यंत्रांच्या धातूंतून ओतलेलें असे, आणि तें फक्त अमेरिकन नागरिकांस मिळे. पदक वांटतांना जे परके होते, ते हक्क सांगतांना आपले झाले. ज्या इतिहासांत कर्ता संदिग्ध ठेवला जातो, त्या इतिहासांतील मृत मनुष्य कोणाच्याहि नांवावर चढवितां येतो.

दुसरें उत्तर पाण्याचें आहे. हा कालवा समुद्राच्या पाण्यावर चालत नाहीं. पावसाच्या पाण्यावर चालतो. जुन्या दारांतून एक जहाज पलीकडे जावयास सुमारें वीस कोटी लिटर गोडें पाणी समुद्रांत सोडावें लागतें, आणि त्याच तलावांतून देशांतील अर्ध्याहून अधिक लोकांस पिण्याचें पाणी पुरविलें जातें. २०१६ सालीं अधिक मोठीं दारें खुलीं झालीं. २०२३ सालच्या अवर्षणांत तलावाची पातळी इतकी उतरली कीं, रोज छत्तीसांच्या आसपास जाणारीं जहाजें चोविसांच्या आसपास आणावीं लागलीं. त्यावर उपाय म्हणून रिओ इंदिओ या नदीवर धरण बांधून नवें पाणी आणण्याची योजना पुढें आली. तिनें सुमारें दोन हजार माणसांचीं घरें उठावयाचीं आहेत, व तेथील शेतकऱ्यांनीं तीस विरोध मांडला आहे. आतां कालवा पनामाचा आहे, उठविणारें सरकारहि परकें नाहीं. परंतु १९१२ सालच्या हुकुमाची कथा ज्या देशानें नीट वाचली असेल, तो देश या दोन हजार माणसांशीं बोलतांना निराळ्या सुरांत बोलेल. आणि ज्यानें ती वाचलीच नसेल, त्यास तेथेंहि केवळ रानच दिसेल. इतिहासग्रंथाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांस याहून अधिक व्यवहारी उत्तर आम्हांस देतां येत नाहीं.

असो. अशा अचाट कामांस आम्ही 'भगीरथ प्रयत्न' म्हणतों, आणि गोथल्ससारख्या पुरुषास ती उपमा द्यावयास आमची मुळींच हरकत नाहीं. मात्र ती देतांना मूळ कथा पुरती ध्यानांत घ्यावी. भगीरथाच्या आधीं पृथ्वी खणली ती सगराच्या साठ हजार पुत्रांनीं. समुद्रास 'सागर' हें नांव मिळालें तें त्यांच्या खणण्यावरून, आणि ते सर्वच्या सर्व तेथें भस्म होऊन पडले. भगीरथानें गंगा आणिली ती कीर्तीसाठीं नव्हे, रहदारीसाठीं तर नव्हेच. त्या राखेला पाणी मिळावें म्हणून आणिली. आमच्या पुराणकारानें खणविणाऱ्यास थोर म्हटलें तें तो खणणाऱ्यांस विसरला नाहीं म्हणून. पनामांत पाणी आलें, तें दोन्ही महासागरांस पोहोंचलें. राखेपर्यंत तें अद्याप पोहोंचावयाचें आहे. वरील तीन ग्रंथांनीं त्या दिशेनें थोडथोडी वाट खणली आहे. यांतील एखादा ग्रंथ मराठींत आणण्याचें कोणा विद्वानाच्या मनांत आल्यास आम्हांस आनंदच होईल. त्यास आमची विनंती एकच: वाक्यावाक्यास थांबून, येथें 'खणला' लिहावें कीं 'खणविला' लिहावें, याचा निर्णय आपला आपण करावा. इंग्रजी लेखकास जी टाळतां आली ती जबाबदारी मराठी लेखकास टाळतां येत नाहीं. आणि न यावी, हेंच बरें.